निळा क्रेट
हे मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही. परवा आमलीच्या बाजारात एका गुजराती दुकानदाराने "बेसो ने, काका," म्हणत निळा क्रेट पुढे सरकवला, आणि मला बसवेना. असाच क्रेट मी एकदा एका बाईच्या खालून ओढला होता. सूत कंपनीच्या पॅकिंग खात्यात मी सुपरवायझर होतो. हवेत गरम तेलाचा वास, चिकटपट्टीचा चरचराट, आणि बायकांनी पूर्ण शिफ्ट उभ्यानेच काम करायचं हा मॅनेजरचा हुकूम. माझ्याच खानदेशातली ती बाई मात्र क्रेट पालथा घालून बसली. मॅनेजर ओरडला, "उठ! नोकरी चाहिए कि नहीं?" ती म्हणाली, "हात चालू आहेत ना, साहेब? मग पायांशी काय काम?" त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी क्रेट ओढला. ती सावरली, फरशीवरच मांडी घातली, हातातला सूत गुंडाळलेला कोन खोक्यात नीट बसवला आणि शांतपणे मला म्हणाली, "भाऊ, आता जमीन ओढा." मग एकेक करत सगळ्याच बायका खाली बसल्या. मॅनेजर निघून गेला. त्या एवढ्या मोठ्या खात्यात उभा मी एकटाच होतो, क्रेट हातात धरून, तिच्याकडे बघत. तिला माझ्या हाताने बसायला द्यायचं अजून राहिलं आहे.