बारा शेतांच्या पिशव्या

बारा शेतांचे आकडे एकमेकांना इतके चिकटून आले, तेव्हाच मला शंका आली होती. पण मी ती बाजूला सारली. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते आणि मार्गदर्शक सर खूश होते.

विषय गुलाबी बोंडअळीचा. बीटी कपाशीचं विष पचवणाऱ्या अळ्या धरणगावकडच्या एका गावात किती झाल्यात, हे मी शोधत होते. बाराही शेतांत त्या सारख्याच प्रमाणात निघाल्या, म्हणून हा बदल गावभर पसरलाय असं मी लिहूनही टाकलं. या सगळ्या गणिताची अट एकच: प्रत्येक नमुना वेगळ्या शेतातला हवा. एका शेतातल्या अळ्या बऱ्याचदा एकमेकींच्या बहिणीच. कितीही मोजल्या तरी साक्ष एकाच घरची. ही अट पहिल्याच प्रकरणात मी मोठ्या ऐटीत लिहिली होती. तपासली मात्र नव्हती. बोंडं तोडायच्या आठवड्यात मी तापाने पडले होते आणि बारा शेतकऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या पिशव्या गावातल्या ओळखीच्या आबांकडे पाठवून मोकळी झाले होते.

शेवटी राहवेना, तेव्हा जळगावहून एसटी धरली. आबांनी ओट्यावर बसवलं, चहा सांगितला. बोंडं कोणी कोणी तोडली, असं मी आडून विचारलं. आबा हसले. त्यांना वाटलं, मी आभार मानायला आलेय.

"ताई, वेचणीना दिन व्हतात, कोनले तरास देवाना? बठ्ठ्या पिशव्या आम्हनाच वावरमा भऱ्यात. कापूस बठ्ठा एकच शे."

म्हणजे बाराही पिशव्या आबांच्या एकाच शेतातल्या. मला भयंकर राग आला, आणि तो त्यांच्यावर काढायची सोय नव्हती. माणसाने एकही पिशवी रिकामी ठेवली नव्हती, एकही चिठ्ठी हरवली नव्हती. सगळं नव्याने करावं लागेल, आजच सरांना सांगावं लागेल, हे मी त्यांना समजावलं. गावाबद्दल मी लिहिलेलं काहीच आता धरता येणार नाही, हेही सांगितलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या प्रबंधाचं त्यांना फारसं काही वाटलं नसावं. कपातला चहा तसाच ठेवून त्यांनी हळूच विचारलं,

"मंग त्या अळ्या बठ्ठ्या आम्हनाच वावरन्या शेतस?"

माझ्या चार वर्षांच्या कामातलं तेवढंच एक उत्तर आता पक्कं होतं. हो, विष पचवणाऱ्या त्या सगळ्या अळ्या त्यांच्याच शेतातल्या, म्हणून मी मान डोलावली. आबा उठले आणि चपला न घालताच वावराकडे निघाले.