सात जणांनी पाहिलं

ठाण्यातल्या एका ऑफिसात मी वेबसाइट बनवते. मध्यंतरी डोंबिवलीतल्या एका वधू-वर सूचक मंडळाचं काम माझ्याकडे आलं. मंडळ चालवणाऱ्या काकू सत्तरीच्या. दर रविवारी त्या साइटवरची स्थळं स्वतः हलवायच्या. वरची तळाला, तळाची वर. फायलींच्या काळातही असंच करायच्या म्हणे. "जिचं नाव जास्त दिवस पडून आहे ना, ती आधी दाखवायची. नवीन काय, कुणीही बघतं," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. शहाणपणाचा मक्ता माझ्याकडेच असल्यासारखा मी त्यांच्यापुढे हीटमॅप उघडला. लोक पानावर कुठे बोट लावतात ते रंगात दाखवणारा नकाशा तो. गर्दी असेल तिथे लाल, कुणी फिरकत नाही तिथे निळा. वरच्या दोन ओळी लालभडक होत्या, खाली सगळं निळं.

"काकू, खाली कुणी जातच नाही. ज्यांना लोक जास्त बघतात तीच स्थळं वर ठेवू. साइट आपोआप लावेल."

"आणि बाकीच्या मुली?"

"त्या असतीलच की खाली."

इतक्या सहज बोलून गेले, की आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. वर आणखी एक हुशारी केली. प्रत्येक फोटोखाली ओळ टाकली, 'गेल्या सात दिवसांत इतक्या जणांनी पाहिलं'. म्हटलं, घरच्यांना तेवढंच बरं वाटेल.

दोन महिन्यांनी पुन्हा नकाशा काढला. मंडळाला येणारे फोन वाढले होते, काकूही काही बोलत नव्हत्या. तळाच्या निळ्या भागात मात्र एक नारिंगी ठिपका दिसला, छत्तीस वर्षांच्या एका मुलीच्या फोटोवर. मी तो ऑफिसभर दाखवत फिरले. बघा, तळालाही लोक जातात! स्वतःची पाठ स्वतःच थोपटून घेतली.

पुढच्या रविवारी मी मंडळात बसले होते, तेव्हा त्याच मुलीचे वडील आले. कल्याणजवळच्या मोहन्याहून आले होते, कारखान्यातून निवृत्त झालेले. शर्टाला कडक इस्त्री. काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं तसे समोर बसले आणि मोबाइल पुढे केला.

"मॅडम, सात जण बघतात. कधीही उघडा, सातच. मग एकाचा पण फोन कसा येत नाही?"

"काका, तुम्ही स्वतः उघडता का हे?"

"रोज. चहा झाला की पहिलं तेच. फोटो दाबतो, नीट उघडतोय ना बघतो, ठेवून देतो."

सात दिवस, सात जण. तिच्या बापाशिवाय तिला कुणी पाहिलंच नव्हतं. एकाच मोबाइलवरून कितीदाही उघडलं तरी एकदाच मोजायचं, एवढी साधी गोष्ट मी आळसापायी केली नव्हती.

"काही चुकलं असेल तर सांगा," ते म्हणाले. "फोटो बदलू का? परवा ती म्हणाली, बाबा, एवढे लोक बघून गप्प बसतात, म्हणजे माझ्यातच काहीतरी असणार. नाव काढून टाका."

तिला कुणी नाकारलेलंच नाही, एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग कुणी पाहिलंच नाही हेही सांगावं लागलं असतं, आणि ते कुणामुळे हेसुद्धा. काकू माझ्याकडे बघत होत्या. मी भित्री निघाले. "फोटो छान आहे, काका. नाव काढू नका. थोडे दिवस थांबा."

"बरं. तिला सांगतो, मॅडम थांब म्हणाल्या."

ते गेल्यावर मी तिथेच बसून काकूंची पद्धत परत आणली आणि त्या मुलीला सगळ्यांच्या वर ठेवलं. मनाला जरा बरं वाटलं. फोटोखालची ती ओळ काढायची, हे मात्र तेव्हाही सुचलं नाही.

बुधवारपर्यंत आकडा चाळीसवर गेला. गुरुवारी काकूंचा फोन आला. मुलीने स्वतः फोन करून नाव काढायला लावलं होतं.

"चाळीस जणांनी बघितलं, आता पुरे, म्हणाली," काकू म्हणाल्या.