हट्ट्याचा घुमट

नव्वदच्या दशकात मी जुन्या इमारतींच्या चित्रांची पुस्तकं रद्दीतून जमवायचो. हट्टा गावच्या एका जमीनदारांनी आपल्या बैठकीत त्यातलं सगळ्यात जुनं पुस्तक चाळलं आणि एका घुमटाच्या चित्रावर बोट ठेवलं.

“आमचा बंगला असाच होईल. हे पान मिस्त्रीला फाडून द्या.”

पान वाचवायला माझ्याकडे सत्य तेवढं होतं. “मालक, हे घर न्हाई. परदेशातल्या एका सरदाराची कबर आहे.”

बैठकीतली माणसं आढ्याकडं बघू लागली. मालकांनी चित्र पुन्हा निरखलं.

“माणूस मोठा व्हता न?”

“व्हय, मोठाच.”

“मग काहून घाबरून राहिले? त्याला मेल्यावर भेटलं, आमी जित्तेपणी राहतो.”

पान त्यांनी स्वतःच्या हातानं फाडलं. बांधकाम संपेपर्यंत ते मिस्त्रीच्या खिशात सिमेंटसारखं घट्ट झालं होतं.

पुढं ते चित्र पाहावंसं वाटलं, की मी हट्ट्याला जायचो. मालक पायरीवर बसलेले असत. “बंगला कसा वाटून राहिला?” असं हटकून विचारत.

“चित्रात होता बराबर तसाच,” मी म्हणायचो. “फक्त त्यातला मालक आत होता.”