पडदे ओढा, प्लेटा बाहेर आहेत

आमच्या प्रयोगशाळेत शोधनिबंध कमी अन् किस्से जास्त जमतात. फ्रीज साफ करायला काढला की एक निघतो, जुना लॅबकोट झटकला की दुसरा. वर्ध्यातलं साधं कॉलेज, त्यातली मागच्या बाजूची खोली. वानखेडे मॅडम प्रमुख, मी त्यांच्या हाताखालचा मास्तर अन् हिंगणीची प्रणाली पीएच.डी. करणारी. यीस्टच्या पेशींवर आम्ही अल्ट्राव्हायोलेट किरण मारतो आणि बिघडलेला डीएनए त्या कसा दुरुस्त करतात ते बघत बसतो. माझ्या सासऱ्यांना अजून वाटतं की आम्ही पाव बनवतो.

किरण मारून झाले की पडदे ओढायचे, ट्यूब बंद, नुसता पिवळा बल्ब, असा आमचा नियम आहे. कारण यीस्टजवळ एक अजब एन्झाइम असतं. त्याला साधा उजेड मिळाला की ते बिघडलेली जागा तिथल्या तिथे नीट करून टाकतं, अन् आमचा प्रयोग जातो पाण्यात.

एकदा भर दुपारी लाइट गेली. अख्खं कॉलेज बोंबलत होतं अन् आम्ही तिघं सवयीच्या अंधारात खुशीत काम करत होतो. विचारपूस करायला प्राचार्य आले ते मोबाइलचा टॉर्च लावूनच. आम्ही एकदम ओरडलो, "बंद करा तो!" बिचाऱ्यांनी टॉर्च विझवला अन् अंधारात उभे राहिले. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "मॅडम, मी आता जाऊ म्हणतो. पण दार कुठं आहे?"

उजेड लागू नये म्हणून यीस्टच्या प्लेटा आम्ही फॉइलमध्ये गुंडाळतो. माझी बायको पराठेही फॉइलमध्येच गुंडाळते. व्हायचं ते झालं. एकदा माझे पराठे गायब झाले, दिवसभर उपाशी राहिलो अन् प्रणालीवर उगाच डाफरलो. दोन दिवसांनी मॅडमनी पेशी उबेत वाढवायच्या इनक्युबेटरमधून एक पुडकं काढलं, उघडलं, वास घेतला अन् गंभीरपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या आलू पराठ्यावर वाढ चांगली आहे."

पण प्रणालीची चूक या सगळ्यांच्या वरची. हिवाळ्यातली सकाळ, बोटं गारठलेली. आपल्याकडे थंडीत ऊन दिसलं की माणूस आपोआप तिकडे सरकतो. तिनं सवयीनं पडदा बाजूला केला अन् खिडकीत हात शेकत उभी राहिली. मागे टेबलावर प्लेटा उघड्या. ज्या पेशी मरायला हव्या होत्या त्या दोन दिवसांत टरारून वाढल्या. तिच्या कितीतरी दिवसांच्या मेहनतीवर बोळा फिरला.

मॅडम रागावल्या नाहीत. "पेशींचं काय चुकलं? ऊन भेटलं, घेतलं सुधरून."

यावर प्रणाली रडायलाच लागली. म्हणाली, "मॅडम, आमची छकुली अशी उन्हानं सुधरली असती तर काय पाहिजे होतं?"

छकुली म्हणजे तिच्या मोठ्या भावाची मुलगी, तिसरीतली. माणसाजवळ यीस्टचं ते उजेडाचं एन्झाइम नसतं. आपल्या पेशी बिघडलेला तुकडा कापून काढतात अन् तिथे नवा भरतात. डीएनएची नक्कल निघायच्या आधी हे उरकलं नाही तर बिघाड पुढच्या पेशींत जातो, अन् कधी त्याचा कॅन्सर होतो. छकुलीच्या पेशींना हे कापणंच जमत नाही. ऊन लागलं की कातडी भाजते, डाग पडतात. प्रणालीच्या यीस्टमध्ये आम्ही मुद्दाम करून ठेवलेला बिघाड तोच होता. हाच विषय तिनं काऊन घेतला, ते आम्हाला त्या दिवशी समजलं. फार वाईट वाटलं.

पुढे एकदा ती छकुलीला घेऊन आली. पोरगी दारात दिसताच मॅडम अन् मी एकदम उठलो अन् पडदे ओढले. सवयच तशी. छकुलीनं तोंडावरचा दुपट्टा सोडला अन् फॉइलच्या पुडक्यांकडे बोट केलं.

"यायले पण ऊन चालत नाई का?"

"नाई चालत," प्रणाली म्हणाली.

"मंग हे शाळेत कसे जाते?"

भल्याभल्या परीक्षकांना गप्प करणाऱ्या वानखेडे मॅडम धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धुवायला निघून गेल्या.

मग आम्ही किरण मोजायचं मीटर घेऊन छकुलीच्या हिंगणीच्या शाळेत गेलो, खिडक्यांना किरण अडवणारी फिल्म लावली. गुरुजी भला माणूस, स्वतः स्टुलावर चढले. वर्ग ठीक झाला, पण खरी अडचण निराळीच होती. उन्हाळ्यात अख्खा जिल्हा तोंड बांधून फिरतो, तेव्हा छकुलीकडे कोणी बघत नाही. हिवाळ्यात मात्र सगळी शाळा अंगणात ऊन खात बसते अन् ही आत एकटी. बाहेर निघाली तर दुपट्टा, चष्मा, हातमोजे. दुसऱ्या गावची पोरं रस्त्यात "भूत आलं" म्हणायची.

सव्वीस जानेवारी जवळ आली. पूर्ण झाकून सकाळी थोडा वेळ बाहेर जायला डॉक्टरांची हरकत नव्हती. छकुलीनंच नकार दिला. "मी झेंड्याले नाई येत. अन् मंग शाळेतच नाई येत." प्रणालीची रात्रंदिवस तीच काळजी. मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही जा तिच्यासंगं. काही बोलू नका, नुसते मागे उभे राहा."

झेंड्याच्या दिवशी प्रणालीनं कशीबशी समजूत घालून छकुलीला फाटकापर्यंत आणलं. मी मागे. पोरीनं प्रणालीचा हात घट्ट धरला होता. मग तिनं समोर पाहिलं, हात सोडला अन् पळत आत गेली.

झेंड्याजवळ गुरुजी हजेरीपट घेऊन उभे होते. समोर तिसरीची रांग. एकूण एक पोरगं तोंडाला दुपट्टा बांधून, कोणाला आजोबांचा चष्मा, कोणाच्या हातात पायमोजे घातलेले.

मी विचारलं, "गुरुजी, छकुली कुठं उभी आहे?"

"थांबा ना सर," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "मी बी तिलेच पाहून राह्यलो."