एक चुकला तर समदी पळत्याल

उंब्रजच्या आमच्या शाळेतल्या ड्रिलमास्तरांना हळू बोलता यायचं नाही. लढाईवरून परतलेले हवालदार ते; चहासुद्धा पलटणीला हुकूम सोडल्यासारखा मागत. मिशा अशा की हेडमास्तर आधी मिशांशी बोलत आणि मग माणसाशी.

शनिवारी शाळा सुटली की गणितात नापास झालेल्या पोरांना ते लिंबाखाली गोल बसवत. त्यांच्यात चारदोन हुशार पोरंही कोंबत. कायदा एकच, "एक चुकला तर समदी पळत्याल." मग सगळे मैदानाला फेरी मारत आणि दुखऱ्या पायानं लंगडत मास्तरही त्यांच्याबरोबर. त्यामुळे एरवी ढ पोरांच्या सावलीला उभी न राहणारी हुशार पोरं त्यांना जीव तोडून शिकवत.

"अहो, ही शाळा आहे, पलटण नव्हे," शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना एकदा सुनावलं.

त्याच शनिवारी एका पोराचा भागाकार चुकला. सगळे उठले. मी कडेला उभा राहून मजा बघत होतो. मास्तर माझ्यासमोर येऊन गरजले, "गुरुजी, ह्यास्नी गणित कोण शिकवतं?"

"मी."

"मग आवं बघताय काय? चला की!"

धोतर वर खोचून, टोपी हातात धरून मी पळालो. पोरांना हसू आवरेना.

पुढचा आठवडाभर मी भागाकार असा शिकवला की भिंतींनाही यावा. शनिवारी सगळ्यांचे डोळे माझ्या धोतराकडे लागले होते; त्या पोराचं उत्तर बरोबर आलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले. सगळ्यांत जास्त ड्रिलमास्तरांचा.