आधी आईनं नावेत बसायचं

नावाड्याची बायको आणि पाण्याला भिते, असं कुणी दुसरीबद्दल मला सांगितलं असतं तर मी पोट धरधरून हसले असते. पण ती बाई मीच. माझं माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातलं. आम्ही भोईच, पण माहेरचे पालखी उचलणारे भोई. खांद्यावर ओझं आणि पायाखाली पक्की जमीन. लहानपणी मोर्णेवर धुणं धुताना माझा पाय घसरला, गटांगळ्या खाल्ल्या, आणि मावशीनं वेणी धरून मला वर ओढलं. तेव्हापासून वाहतं पाणी नुसतं पाहिलं तरी मला भोवळ यायची. आणि बापानं मला दिलं कुठं? तर पूर्णेच्या काठावर, नाव चालवणाऱ्या घरात! बापाला काय बोलणार? स्थळ चांगलं होतं.

लग्नाला वीसेक वर्षं झाली तरी मी नावेत पाऊल ठेवलं नव्हतं. उन्हाळ्यात घाटाच्या खालच्या अंगाला उतार पडायचा, गुडघाभर पाण्यातून बैलगाड्या जायच्या, पण मी तिथूनही कधी पलीकडे गेले नाही. माझं तिकडे अडलं काय होतं? बाजार अकोल्याला, माहेर अकोल्याला, सगळं अलीकडेच. गावातल्या बाया समजायच्या की ही नावाड्याची बायको, ही तर रोजच जात-येत असेल. मीही त्यांचा समज मोडला नाही. आमच्या घरधन्याला खरं ते ठाऊक होतं, पण 'चल' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मुळात माणूसच अबोल. त्यांच्या वाटणीचंही मीच बोलून घ्यायची.

मग कापसाची ती वर्षं आली. कुठे तरी सातासमुद्रापलीकडे लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं व्यापारी सांगायचे. लढाई कुणाची नि कशाची, आम्हाला काय कळणार! आम्हाला दिसायचं ते एवढंच, की ज्याच्या अंगावर धड कुडतं नव्हतं त्याच्या बैलाच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. नदीपलीकडचं पडीक रान सगळं मोडून गावानं तिथे कापूस लावला. लावला खरा, पण पावसाळ्यात तो निंदायला जायचं कसं? पूर्णा दुथडी भरली की नावेवाचून गत्यंतर नाही. नाव आमची, आठ वल्ह्यांची. आणि वल्ही मारणारे आमचे भाऊबंद आगगाडीच्या पुलाच्या कामावर निघून गेलेले. गावात नावाडी म्हणून उरले एकटे आमचे हे.

त्या साली हे पाटलाच्या ओट्यावर जाऊन एकदाच बोलले. "ज्याईचं वावर तिकडं हाय, त्याईनं एकेक पोट्टं द्यावं. वल्हं मी शिकवीन." एवढं बोलून घरी आले आणि जेवायला बसले.

पोरं मिळाली. शेतकऱ्यांची पोरं, मिसरूड फुटू लागलेली, औत धरायला पटाईत, पण पाण्यात पडली की दगड. एक बाप मला म्हणाला, "अवं बाई, आमचा बैल पोयते, पोट्टं नाई पोयत." मी म्हटलं, "मंग बैलालेच धाडा, वल्हं त्याच्या शेपटीले बांधू." हसला, आणि दुसऱ्या दिवशी पोरगा घेऊन आला.

पण पहिल्याच हंगामात फजिती झाली. नाव मध्यावर असताना एका पोराची आई काठावरून धावत सुटली, "माह्या राजा, सांभाळ रे!" म्हणत. राजा आईला हात करायला उभा राहिला, नाव कलंडली, आणि तीन राजे पाण्यात. बाहेर आले म्हणा, तरंगायला वाळके भोपळे बांधलेले होते पाठीला. पण आमच्या ह्यांचा चेहरा मी पाहिला. त्या रात्री हे जेवले नाहीत. नाव चालवणारा माणूस पोरांना घाबरत नाही, पाण्याला घाबरत नाही, पण काठावरच्या आईला घाबरतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, तुम्ही पोरांकडे बघा, घरच्यांकडे मी बघते.

तेव्हापासून वैशाख लागला की मी घरोघर फिरू लागले. जी घरं पोरगा देणार त्यांना तयार करायचं काम माझं. बसायला पाट मिळायचा, गुळपाणी मिळायचं, आणि मी सुरू व्हायची. दोन वाळलेले भोपळे घरातून द्यायचे, पोहणं शिकेस्तोवर पोराच्या पाठीला बांधायला. हातातलं चांदीचं कडं काढून ठेवायचं, ते वल्ह्यात अडकतं. तळहाताला फोड येतील, तेल-हळद लावा, पण 'हाय रे माह्या सोन्या' करून गळा काढू नका. बापानं निम्म्या हंगामातून पोराला वावरात डवऱ्यावर बोलवायचं नाही. काठावर येऊन हाका मारायच्या नाहीत. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: मृगाच्या आधी, डोहातलं पाणी निवांत असतं तेव्हा, पोरगा वल्हं मारेल आणि आई नावेत बसून पलीकडे जाऊन येईल. आई बसली नाही तर पोरगा घेणार नाही.

बाया बिचकायच्या, पण बसायच्या. एकीनं डोळे मिटून सगळ्या देवांची नावं घेतली आणि काठ लागल्यावर म्हणाली, "इतलंच?" पाटलीणबाई तर शालू नेसून आल्या आणि अर्ध्या वाटेत पोराचा कान धरून म्हणाल्या, "घरी घागर उचलत नाई मेला, आन् इथं पाह्य कसा नाव ओढून राह्यला!" आतून नाव बघितली की आईची भीती मोडते, मग ती काठावर येऊन ओरडत नाही. माझा हा नेम सगळ्यांना पटला. तो मी कुठल्या तोंडानं सांगत होते ते माझं मला माहीत.

तिसऱ्या वर्षी आठातला एक पोरगा लग्न होऊन सासुरवाडीला घरजावई गेला. त्याच्या जागी कोण? ह्यांनी बोट दाखवलं ते पिंजाऱ्याच्या पोराकडे. त्यांचं वावर कुठेच नव्हतं, पण पोराचा हात बघण्यासारखा होता. लहानपणापासून बापाबरोबर कापूस पिंजायच्या कमानीच्या तातीवर ठोका मारून मारून त्याच्या हातात ताल बसला होता. पहिल्या दिवशी वल्हं धरलं आणि बाकीची सात पोरं आपोआप त्याच्या तालावर आली. एरवी एक पुढे, एक मागे, नाव वाकडी पळायची. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "हा पायजे." ह्यांनी कुणासाठी असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पिंजाऱ्याची बायको माझी जुनी मैत्रीण. मी तिला भाभी म्हणायची. त्यांचे दिवस तेव्हा ओढीचे होते. गावभर कापसाचे ढीग, पण गादी-रजईला कापूस ठेवतो कोण? सगळा गाडीत भरून विकायला. भाव आला शेतकऱ्याला, पिंजाऱ्याची कमान खुंटीला. पोरगं तर नावेसाठी एका पायावर तयार होतं, बापही हो म्हणाला. भाभी मात्र हलेना. एकुलता एक, नवसाचा. मी गेले, भोपळ्यापासून फोडांपर्यंत सगळं सांगितलं. ती आपली सुपात जवारी पाखडत बसली. शेवटी मी म्हटलं, "भाभी, एक डाव नावंत बस, मंग बोल."

तिनं सूप खाली ठेवलं. "बाई, तू कदी बसली का?"

ती माझ्या घरामागेच राहायची, वीस वर्षं मला बघत होती. नाव लागली की मी चार पावलं मागे सरते, हे तिच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

"साऱ्या गावच्या बाया बसवल्या तूनं. आता पहले तू बैठ. तू बसली तर मी बसन. नाई तर माझा बच्चा घरी."

मी तणतणत घरी आले. आली मोठी शहाणी! भांडी आपटली, चुलीत नको तेवढं जळण घातलं, आणि ह्यांना सांगितलं की दुसरा पोरगा बघा, त्या बाईचं डोकं ठिकाणावर नाही. हे म्हणाले, "दुसरा नाई." बस्स. आणि ते खरंच होतं. मृग तोंडावर आला होता. आठवं वल्हं नाही तर पुरात नाव घालता येणार नव्हती, आणि पलीकडचा कापूस गवतात गेला असता. निंदायला जाणाऱ्या गावच्या साऱ्या बाया ह्याच नावेत बसणार होत्या, त्यांचे जीव त्या आठ वल्ह्यांवर होते. आणि अडलं होतं कुणापाशी? माझ्यापाशी. मला माझाच इतका संताप आला की रडूही येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाभीच्या दारात जाऊन म्हटलं, "चाल, मरू दोघी."

घाटावर गर्दी. म्हणजे आधीच बातमी फुटलेली. पोरं वल्ह्यांवर बसलेली, हे मागे सुकाणूला. मी पाय उचलला आणि तो खालीच येईना. पाटलीणबाई म्हणाल्या, "आता काहून वो, बाई? आमाले तं लय ढकलत व्हती!" सगळा घाट हसला. मी त्या हसण्याच्या रागातच आत गेले. नाव हलली तशी मी मटकन बसले आणि भाभीचा दंड असा धरला की नंतर तिला वळ उठले होते.

पाणी कसं होतं मला विचारू नका. माझे डोळे मिटलेले होते. मी मावशीला हाक मारली, बापाला हाक मारली, मधेच ह्यांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. पोरं खुसखुसत होती. मग भाभीचा आवाज कानाशी आला, "डरू नको गं. मैं हूँ ना. पाय जवळ घे. हां, असं." ती मला थोपटत होती, पदरानं माझं कपाळ पुसत होती. ती स्वतः घाबरायची तेच विसरून गेली! घाबरायचं काम सगळं मीच करत होते, तिच्यासाठी काही उरलंच नव्हतं.

"आँख खोल," ती म्हणाली. "माह्या बच्च्याकडं पाह्य."

मी एक डोळा उघडला. पोरगा समोर होता, पाठ वाकायची, सरळ व्हायची, वल्हं पाण्यात जाताना एक बारीक आवाज यायचा, आणि त्यावर बाकीची सात. भाभी बघत राहिली. "ऐसाच ठोका मारते उसका बाप," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग मागे वळून ह्यांना म्हणाली, "भाईसाब, घेऊन जा माझ्या पोराला. पर भोपळे दोन नाई, चार बांधा." हे हसले. मला हायसं वाटलं, इतकं की दुसराही डोळा उघडला. चारी बाजूंना पाणी होतं, हिरवंगार, आणि मी त्याच्या मधोमध जिवंत होते.

नाव लागली. ह्यांनी हात दिला, मी उतरले. हे दरड चढून वर गेले, तर मीही मागोमाग. वर एक निंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत दोन सपाट दगड, शेजारी शेजारी. एक बसून बसून गुळगुळीत झालेला. तो ह्यांचा, हे सांगायला नको. मी बांधून दिलेली भाकर हे रोज इथेच खात असणार. दुसरा तसाच खडबडीत, कडेनं मातीत रुतलेला. ह्यांनी उपरण्यानं त्या दुसऱ्यावरच्या निंबोळ्या झटकल्या.

"हा कोनाचा?" मी विचारलं.

"तुहा."

"माहा? कवापासून?"

"लगन झालं त्या साली आनला."

वीस वर्षं हा माणूस रोज दुपारी इथे बसत होता, शेजारी माझी जागा झाडून.

"मंग सांगतलं काहून नाई मले? एक डाव तरी म्हनाचं व्हतं, चाल म्हनून!"

"तू भेते ना," हे म्हणाले.

खालून भाभी हाका मारत होती, पोरं खिदळत होती. मला रडू आलं. रडू आलं म्हणून राग आला, आणि राग आला म्हणून मी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं, की इतक्या वर्षांत त्या दगडाखाली विंचवानं घर केलं असेल, आधी उचलून दाखवा. ह्यांनी दोन्ही हातांनी दगड उचलून दाखवला. विंचू नव्हता. पुन्हा नीट होता तसा ठेवला. मग मी बसले.