टॅपेट तुम्हीच निवडा, दाजी

बायकोच्या भावाच्या गॅरेजात नोकरी करू नये, हे शहाणपण मिस्त्रीला नोकरी धरल्यावर सुचलं. कारखान्याला टाळं लागलं, घरी बसून छताकडे बघायची पाळी आली, तेव्हा मेहुणा स्वतः दारात आला होता. "दाजी, माझं गॅरेज म्हणजे तुमचंच." त्या 'तुमचंच'मध्ये पगारवाढ मागायची सोय नव्हती आणि रजेचं तर नावच काढायचं नव्हतं. परक्या मालकाच्या फाटकावर घोषणा देता येतात. मेहुण्यासमोर आवाज चढवला की संध्याकाळी आपल्याच स्वयंपाकघरात भांडी आपटतात. नात्यातल्या मालकाविरुद्ध अजून तरी कुणी युनियन काढलेली नाही.

मिस्त्रीचा कान मात्र तयार होता. चालू इंजिनच्या झाकणावर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि कुठला टॅपेट बोलतोय ते सांगायचं. टॅपेट म्हणजे कॅमशाफ्टचा, म्हणजे उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्याचा, धक्का झेलून वर वाल्वकडे पोचवणारा बोटभर दट्ट्या. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे सॉलिड टॅपेटला वर केसभर फट ठेवावी लागते. फट मिटली तर वाल्व जळतो, वाढली तर इंजिन टकटकतं.

ही फट लावणं काही देवविद्या नव्हे. पातळ पट्टी आत सरकवायची, अडकली तर सैल करायचं, लोंबली तर आवळायचं. गॅरेजातल्या दुसऱ्या दोघा कारागिरांना चार दिवसांत आलं असतं. पण मिस्त्रीनं त्यांना कधी पट्टीला हात लावू दिला नाही. "सरका, तुमचं काम नाही ते." हे वाक्य म्हणताना त्याची छाती इंचभर फुगायची. त्या इंचभर छातीपायी मेहुण्याची घरची गाडी दर दुसऱ्या रविवारी त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहायची, आणि बायको एकटीच बाजारात जायची.

मग दूरच्या गावच्या बस डेपोत जागा निघाली. इंजिन विभाग, राहायला दोन खोल्या, गुरुवारी हक्काची सुट्टी. बायको खोल्या बघूनही आली. "मोरीवर खिडकी आहे," ती सगळ्यांना सांगत सुटली, जणू खिडकी नाही, गच्चीच मिळाली.

मेहुणा तोंड भरून म्हणाला, "जा की दाजी! मी कशाला अडवू? फक्त माझी गाडी मार्गी लावून जा. नवा कॅम मागवलाय. रेसिंगचा."

आता ही गाडी काय रेस करणार? सकाळी मुलांना शाळेत सोडायची, मग भाजी, मग गॅरेज, वाटेत सगळे सिग्नल. पण मेहुण्याला सिग्नलला उभं असताना शेजारच्यानं मान वळवून बघायला हवं होतं.

"रोजच्या गाडीला हायड्रॉलिक टॅपेटचा कॅम घ्या," मिस्त्री म्हणाला. "आत तेल भरतं, फट आपली आपण भरून निघते. सेटिंगची कटकट नाही. वर्षानुवर्षं झाकण उघडू नका."

"आणि दाजींना बोलवायलाही नको."

"मी तसं म्हटलं का?"

"म्हणायला कशाला हवं?" मेहुणा हसला. "तुमचा पाय निघालाय, मग टॅपेटही तसलेच सुचणार."

मिस्त्री आतून पेटला. सल्ला खरा होता. पण खऱ्या सल्ल्यात आपला फायदा निघाला की तो खोट्याच्या रांगेत जाऊन उभा राहतो, आणि गरिबाचा निघाला तर पहिल्या नंबरावर.

घरी बायकोनं विचारलं, "आपल्याला जायचं नसतं, तर काय घातलं असतं या गाडीला?"

मिस्त्री जरा थांबला. "हायड्रॉलिकच."

"मग तोंड का पाडलंय?"

"उत्तर द्यायला वेळ लागला ना, म्हणून."

दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं दोघा कारागिरांसमोर लांबट खोकं मिस्त्रीच्या हातात ठेवलं. "बघा, उगाच नावं ठेवू नका मला. टॅपेट तुम्हीच निवडा, दाजी. तुमचा शब्द शेवटचा."

मिस्त्रीनं कॅम बाहेर काढला. देखणा होता हो, तेलाच्या कागदात गुंडाळलेला. खोक्यावरची चिठ्ठी वाचून त्याचा हात खाली आला. "हा सॉलिडचा कॅम आहे. फट धरूनच घडवलाय. याच्यावर हायड्रॉलिक नाही चालायचे."

"असं होय? मला कुठलं कळतंय त्यातलं!"

"बदलून आणा."

"मुद्दाम करून घेतलाय. परत नाही घेत ते." मेहुण्यानं दोन्ही हात पसरले. "मी तर तुम्हाला मोकळीक दिली होती बुवा."

पाय बांधायचे आणि म्हणायचं, धाव की! आणि वर, पडलास तर तुझाच आळस.

जुना कॅम निघाला. ट्रेमध्ये जुने टॅपेट पडले होते, तळाशी झिजून खोलगट झालेले. नव्या कॅमवर जुने टॅपेट म्हणजे खात्रीचं मरण, थोड्याच दिवसांत कॅमचे उंचवटे खाऊन टाकतात. मग मेहुणा रेसिंगचं नाव काढणार नाही, मुकाट्यानं हायड्रॉलिकवर येईल. विचारणार कोण? इथं दुसऱ्या कुणाला ते कळलं असतं? त्यानं एक टॅपेट उचलला, तळावरून अंगठा फिरवला. मेहुण्याची दया त्याला मुळीच आली नाही. पण तो कॅम! एवढी घासूनपुसून केलेली वस्तू आपल्या हातानं मारायची? त्यानं ट्रे उचलला आणि भंगाराच्या पिंपात उपडा केला. नवे सॉलिड टॅपेट आले. एकेकाला काळी पेस्ट लावून त्यानं आपापल्या घरात सोडलं.

पहिल्यांदा सुरू केल्यावर इंजिन मंद सोडायचं नसतं. मिस्त्रीनं रेस धरून ठेवली, गॅरेज धुरानं भरलं, कारागीर खोकत बाहेर पळाले. मग बंद करून, गरम इंजिनवर, बोटं भाजत त्यानं एकेक फट लावली. पुन्हा चावी फिरवली, आणि गाडी गुरगुरायला लागली.

मेहुणा लहान मुलासारखा टाळ्या पिटू लागला. शेजारच्या टायरवाल्याला हात धरून आणला. "ऐक, ऐक! आमच्या दाजींचा हात!" डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या, आणि त्या भरात तो जे बोलला ते खरं बोलला. "जा दाजी, बिनघोर जा. फटीचं हे दोघं बघतील. त्यांना तेवढं दाखवून ठेवा, झालं."

बायको शटरपाशी उभी होती. घरी सामान बांधून झालं होतं, पिशवीत उद्याच्या गाडीची तिकिटं होती. भावाचं बोलणं ऐकून तिनं पदरानं घाम टिपला आणि हसली.

दोघं कारागीर पुढे सरकले. एकानं हात पुसून पट्टी उचलली.

"ठेव ती," मिस्त्री त्याला म्हणाला आणि मेहुण्याकडे वळला. "त्यांना नाही जमायचं, भाऊ. नवा कॅम आहे, थोडी चालली की फट हलणार. रविवारी आणा गाडी. मी येईन."

"तिकडून?"

"येईन म्हटलं ना."

"आणि पुढं?"

"पुढंही बघू."

टायरवाला वाहवा करत होता. मेहुणा बहिणीकडे बघायचं टाळत होता.

"डेपोची सुट्टी गुरुवारी असते," बायको म्हणाली.

मिस्त्रीनं पट्टी आपल्या खिशात घातली.

"दादा सोडत होता हो तुम्हाला. आत्ता, या कानांनी ऐकलं मी." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तिकिटं परत करू का, तेवढं सांगा."

मिस्त्री इंजिनवर वाकला होता. त्यानं स्क्रूड्रायव्हर झाकणावर टेकवला, मूठ कानाला लावली आणि दुसरा हात तिच्याकडे उंचावला, जरा गप्प राहा म्हणून.